वीज गेली मुंबईला, साचा राहिला कर्जतला

पावसाळा सरत आला की एकदा खोपोलीला जाऊन घाटाकडे तोंड करून उभे राहावे. हिरव्यागार डोंगराच्या अंगावरून खाली झेपावणारे जाडजूड लोखंडी नळ दिसतात. लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरवता अशा जलाशयांत साठवलेले पाणी या नळांतून सुमारे १,७०० फूट खाली येते आणि पायथ्याच्या वीजघरातली चक्रे फिरवते. १९११ साली या कामाची कोनशिला बसली आणि १९१५ साली इथली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांत पोहोचली. कोळशावर चालणाऱ्या गिरण्या सह्याद्रीच्या पाण्यावर चालू लागल्या. जमशेटजी टाटांनी पाहिलेले हे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर साकार झाले, आणि ते खरोखरच मोठे होते, यात शंका नाही.

या स्वप्नाची दुसरी बाजू मात्र खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांतल्या माणसांनी पाहिली. वीज त्यांच्या डोंगरात तयार झाली आणि त्यांच्या डोक्यावरून मुंबईला गेली. तारांखालच्या अनेक वाड्यांत त्यानंतरही कैक वर्षे रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले, तेव्हाही हीच कथा घडली.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिलेच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींना नवी वाट दाखवली. चिमण्या पडल्या, मनोरे उभे राहिले. खोपोलीची वीज आजही घाट उतरून शहराकडे जाते. पण ज्या गिरण्यांसाठी तिचा जन्म झाला, त्या आता नाहीत. मुंबईच्या मध्यभागी आता कापड विणले जात नाही, कापड विकले जाते. वस्तू बनवणारे शहर वस्तू विकत घेणारे शहर झाले, आणि त्याच्या सावलीत वाढलेल्या या दोन तालुक्यांनीही नकळत तोच कित्ता गिरवला.

जगातल्या अनेक शहरांत आज एक विचार मूळ धरतो आहे. वस्तू जिथे वापरायची, तिथेच किंवा तिच्या जवळपास ती बनवता येईल काय? आणि संगणकाने चालणाऱ्या छोट्या यंत्रांची त्यासाठी मदत होईल काय? हा विचार परदेशी वाटला, तरी त्याची परीक्षा घ्यायला कर्जत-खालापूरसारखी जागा शोधून सापडणार नाही.

पाच रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा

मोठ्या विचारात शिरण्यापूर्वी एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या घरघंटीतला प्लास्टिकचा एक तुकडा एका सकाळी तुटला. जेमतेम पाच रुपयांच्या नाण्याएवढा. मोटार ठीक, जाते ठीक, पेटी ठीक; पण त्या तुकड्यावाचून सगळे ठप्प. दुकानदाराने कंपनीला विचारले. उत्तर आले, ‘ते मॉडेल बंद झाले, नवी घ्या.’ हजारो रुपयांचे धडधाकट यंत्र दोन ग्रॅम प्लास्टिकसाठी भंगारात टाकायचे! भंगारवाला तर दारात उभाच होता.

शेवटी खोपोलीतल्या एका गाळ्यात लेथ चालवणारे एक वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांनी तुटलेले दोन भाग जुळवून पाहिले, व्हर्नियरने मापे घेतली, नायलॉनच्या सळईचा एक तुकडा चकमध्ये धरला आणि तासाभरात नवा भाग हातात ठेवला. दीडशे रुपये घेतले. घरघंटी आजही चालू आहे.

चहा पिता पिता ते सहज म्हणाले, ‘साहेब, ही अशी शेकडो मापं माझ्या डोक्यात आहेत. लिहून कुठंच ठेवली नाहीत. पोरगा सकाळची लोकल पकडून कामावर जातो, त्याला यात रस नाही. मी गेलो की हे सगळं माझ्याबरोबरच जाणार.’

त्या एका वाक्यात या लेखाचा सगळा विषय आहे. आपल्याकडे हुन्नर नाही, असे नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या पट्ट्यात पोलादापासून रसायनांपर्यंत कारखाने आले. खोपोलीत महिंद्र युजिनचा पोलाद कारखाना उभा राहिला. पाताळगंगेच्या काठी रसायनी नावाचे गावच कारखानदारीने वसवले. त्या कारखान्यांत शिकलेले फिटर, टर्नर, वेल्डर आजही गावोगाव आहेत. कारखाना मात्र कायमचा नसतो. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समधले उत्पादन बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. रॉकेटच्या इंधनासाठी लागणारे एक रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवायचे ठरले. कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रे लिलावात जातात, जमिनीचे काय करायचे यावर बैठका होतात. माणसांच्या बोटांत साठलेल्या ज्ञानाची मोजदाद मात्र कुठल्याच ताळेबंदात होत नाही.

माल नव्हे, आराखडा प्रवासाला

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सुप्रसिद्ध एमआयटीमध्ये नील गर्शेनफेल्ड नावाचे प्राध्यापक आहेत. १९९८ साली त्यांनी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा की ‘(जवळजवळ) काहीही कसे बनवावे’. मोजक्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या या वर्गाला शिल्पकार, वास्तुविशारद असे भलतेच विद्यार्थी लोटले. विकायला नव्हे, तर आपल्याला हवी तशी वस्तू आपणच बनवावी म्हणून ते आले होते. त्यातून पुढे ‘फॅब लॅब’ ही कल्पना निघाली: एका खोलीत मावतील अशी मोजकी यंत्रे, ती चालवणारा संगणक आणि कोणालाही उघडे असलेले दार.

ही यंत्रे करतात काय? जादू वगैरे काही करत नाहीत. संगणकावर आराखडा काढायचा. लेसर कटर त्या रेषांवरून प्लायवूड किंवा ॲक्रिलिक कापतो. सीएनसी यंत्र फिरत्या हत्याराने लाकूड किंवा धातू कोरते. थ्रीडी प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक तार थरावर थर चढवत वस्तू उभी करतो. आपल्या बायका कुरडया घालतात, त्याच जातीचे हे काम, फक्त सोऱ्याला संगणकाचा हात. एक छोटे यंत्र इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी कोरून देते. एवढ्या सामग्रीवर खुर्चीपासून तापमापकापर्यंत बरेच काही बनते.

यातली खरी मेख यंत्रात नाही, आराखड्यात आहे. आजवर मालाने प्रवास केला. वस्तू दूरच्या देशातल्या कारखान्यात बनायची, जहाजाने न्हावाशेव्याला उतरायची, ट्रकने गोदामात आणि तिथून आपल्या घरी यायची. नव्या विचारात आराखडा क्षणात पोहोचतो आणि माल जागच्या जागी, जागच्या साहित्यात बनतो. वाहतूक वाचते, वेष्टण वाचते, तुटलेला एक भाग बनवता आला की अख्खी वस्तू वाचते. शिवाय लागेल तेवढेच बनवायचे असल्याने न खपलेल्या मालाचे ढीग साचत नाहीत.

२०१४ मध्ये बार्सिलोना शहराने याच विचारावर एक पैज लावली: चाळीस वर्षांत, म्हणजे २०५४ पर्यंत, शहर आपल्याला लागणाऱ्या वस्तू शक्य तेवढ्या स्वतःच बनवील, बाहेरून मुख्यतः माहिती येईल आणि बाहेर मुख्यतः माहितीच जाईल. जगातली इतर शहरेही या पैजेत उतरली. आपल्या देशात केरळने कोची आणि तिरुवनंतपुरमला अशा कार्यशाळा उभ्या केल्या. आज जगभरात फॅब लॅबची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे.

घाटापलीकडचे पाबळ

ही कथा ऐकून ‘हे सगळे गोऱ्यांचे चोचले’ असे कोणी म्हणेल, तर त्याला पुणे जिल्ह्यातल्या पाबळला पाठवावे. बोरघाट चढून चाकण, राजगुरुनगरमार्गे गेले की शिरूर तालुक्यातले हे गाव लागते. मस्तानीची कबर याच गावी आहे. पाऊस बेताचा, जमीन कोरडी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये इथे ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला.

कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून ते या खेड्यात आले. त्यांचे म्हणणे साधे होते. माणूस हाताने काम करता करताच शिकतो. निसर्गाने त्याला शिकण्याची तीच रीत दिली आहे. शाळेत नापास झालेला मुलगा बुद्धीने कमी नसतो, फळ्यावरून शिकणे त्याला जमलेले नसते, एवढेच. म्हणून त्यांनी मुलांच्या हाती वेल्डिंगचे हत्यार, पाण्याची पातळी, रक्तगट तपासायची काच, कोंबड्यांचे खाद्य असे सगळेच दिले. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चार विभागांतला त्यांचा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ अभ्यासक्रम राज्याच्या माध्यमिक शालांत मंडळाने स्वीकारला आणि तो अनेक शाळांत गेला. मुले जे शिकत ते गावाची गरज म्हणून शिकत. विहिरीसाठी जमिनीतल्या पाण्याचा अंदाज घेणे, लोखंडी तुकडे जोडून घुमटाकार घर उभे करणे, छोटा ट्रॅक्टर जुळवणे ही कामे गावाला हवी होती.

२००२ साली गर्शेनफेल्ड यांच्या मदतीने या आश्रमात फॅब लॅब आली. एमआयटीच्या आवाराबाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांत दुष्काळी शिरूर तालुक्यातले पाबळ होते! आपल्या वर्तमानपत्रांनी या घटनेचा जेवढा गाजावाजा करायला हवा होता तेवढा केला नाही, हे आपणच कबूल केले पाहिजे. डिझेल इंजिनाचा वेग मोजायचे उपकरण, दुधाची प्रत तपासायची युक्ती, पुढे एलईडी दिवे, अंडी उबवण्याचे यंत्र अशा कामांना ती यंत्रे लागली. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालूच आहे.

पाबळची प्रयोगशाळा टिकली, याचे कारण क्रम बरोबर होता. तिथे आधी वीस वर्षे काम होते, प्रश्न होते, हात होते. यंत्रे मागाहून आली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो.

नेरळचा लोखंडी साचा

या सगळ्यात कर्जत कुठे आहे? ते तर या विचाराच्या ऐन मध्यावर आहे.

नेरळजवळ सगुणा बाग आहे. कृषिपर्यटनासाठी ती अनेकांना ठाऊक असेल. तिथे शेखर भडसावळे यांनी भाताची ‘सगुणा राईस तंत्र’ ही पद्धत विकसित केली. चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, पावसात कंबर मोडेपर्यंत लावणी नाही. एकदा गादीवाफे करायचे, ते पुन्हा नांगरायचे नाहीत आणि त्यावर ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकायचे. जुन्या पिकाची मुळे जमिनीतच कुजून तिचा कस वाढवतात.

या पद्धतीचे मुख्य अवजार म्हणजे एक लोखंडी साचा. चौकटीला खालून खुंट्या. साचा वाफ्यावर दाबला की पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर नेमकी भोके उमटतात. बस! मोटार नाही, पेट्रोल नाही, पेटंटचा बडेजाव नाही. कोणत्याही गावातला वेल्डिंगवाला मापे बघून तो बनवू शकतो. दूरच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला ही पद्धत करायची, तर नेरळहून साचा पाठवावा लागत नाही. मापे पाठवली की पुरते. आराखडा प्रवास करतो आणि वस्तू गावातच बनते. बार्सिलोनाने ज्या तत्त्वावर पैज लावली, ते भाताच्या वाफ्यावर उमटलेले पाहायचे असेल, तर नेरळला उतरावे.

मग संगणक कशाला? त्याचेही उत्तर इथेच आहे. एका शेतकऱ्याला वाफा अरुंद हवा, दुसऱ्याला भातानंतर वालाचे अंतर वेगळे हवे, तिसऱ्या घरी साचा दाबणारी बाई आहे आणि तिला तो हलका हवा. प्रत्येक बदल कोणीतरी कागदावर चितारतो, कोणी तोंडी सांगतो आणि हंगाम संपला की विसरतो. तोच बदल आराखड्यात नोंदला तर पुढच्या वर्षी तिथून पुढे जाता येते. खोपोलीच्या त्या लेथवाल्या गृहस्थांच्या डोक्यातली शेकडो मापे एखाद्या मुलीने मोजून संगणकावर उतरवली, तर ती त्यांच्याबरोबर जाणार नाहीत. संगणक कारागिराचा वैरीच असतो, असे नाही. नीट वापरला तर तो कारागिराची वही होऊ शकतो.

धान्य आधी की यंत्र आधी?

आता दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख यंत्राच्या जाहिरातीसारखा होईल.

बार्सिलोनाने शहरात सार्वजनिक कार्यशाळा उघडायला घेतल्या, तेव्हा एक सिउतात मेरिदियाना नावाच्या गरीब वस्तीत ठरली. २००८ च्या मंदीनंतर तिथे बेकारी बोकाळली होती. महापालिकेने कार्यशाळेसाठी निवडलेल्या इमारतीत रहिवासी गरजूंसाठी धान्यपेढी चालवत होते. लोक चिडले. ‘आम्हाला जेवण हवे आहे, थ्रीडी प्रिंटर नको,’ अशा भावनेने त्यांनी इमारतीचा ताबाच घेतला. अखेर वाटाघाटी झाल्या. कार्यशाळेने वस्तीतल्या तरुणांच्या प्रशिक्षणाला आणि कामाला वाहून घ्यावे, असे ठरले तेव्हा दार उघडले.

ही घटना वाचताना कर्जतकरांना भाई कोतवाल आठवल्याशिवाय राहणार नाहीत. माथेरानच्या या तरुण वकिलाने सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी याच तालुक्यात धान्यकोठीची चळवळ केली. आणि १९४२ मध्ये त्याच कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. ते मनोरे पाडले ते परकी सत्तेला हादरा द्यायला, हे खरेच. पण आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या तारेकडे या मुलखाने किती वेगळ्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करता येते. कातकरी आणि ठाकूर वाड्यांतले लोक आजही दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या दारात जाऊन ‘तुमच्यासाठी लेसर कटर आणला आहे’ असे सांगणाऱ्याला तेच उत्तर मिळेल, जे सिउतात मेरिदियानात मिळाले. आणि ते योग्यच असेल.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे. प्लास्टिकची बादली कारखान्यात साच्यातून निघायला मिनिटसुद्धा लागत नाही. थ्रीडी प्रिंटरवर तीच छापायची तर दिवस घालवावा लागेल, आणि ती महाग पडेल ती वेगळीच. बादल्या, खिळे, औषधाच्या बाटल्या मोठ्या कारखान्यातच बनणार आणि बनाव्यात. संगणकातली चिप तर तालुक्याच्या गाळ्यात बनण्याची गोष्टच सोडा. सगळेच इथे बनवू म्हणणाऱ्याने यंत्रेच बाहेरून येतात, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप पर्यावरणाचा. यंत्र हाती आले की माणूस नको त्या वस्तूही बनवतो. किल्लीच्या साखळ्या आणि नावाच्या पाट्या छापण्यात प्लास्टिक जाळले, तर निसर्गाला काय मिळाले? पीव्हीसीचा पत्रा अजाणतेपणी लेसरखाली धरला तर विषारी वायू निघतो, तो श्वासात जातो आणि यंत्रही गंजते. ‘स्थानिक’ म्हणजे आपोआप ‘स्वच्छ’ नव्हे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. सरकारने अटल टिंकरिंग लॅब या नावाने शाळाशाळांत प्रयोगशाळा दिल्या. अशा १०,००० प्रयोगशाळा झाल्या, प्रत्येकीला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० करण्याची घोषणा झाली. संकल्प स्तुत्य आहे, आणि काही शाळांत उत्तम काम होतेही. पण प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेला, ‘मुले बिघडवतील’ म्हणून कुलपात ठेवलेला प्रिंटरही मी पाहिला आहे. बिघडवल्याशिवाय मुले शिकणार कशी? आणि शिकवणाऱ्या बाईंनी गणिताचे तास, निवडणुकीचे काम आणि पोषण आहाराची नोंदवही सांभाळून हे यंत्र कधी शिकावे?

गाळा कसा असावा?

म्हणून या दोन तालुक्यांत असे काही करायचे तर सुरुवात यंत्रखरेदीने होऊ नये. सुरुवात यादीने व्हावी.

भातगिरणीवाल्याला विचारा, कोणता भाग वर्षातून किती वेळा तुटतो आणि तो कुठून आणावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारा, कोणते उपकरण एका खुंटीसाठी कोपऱ्यात पडून आहे. अपंग व्यक्तीला विचारा, कुबडीचे टोक किंवा खुर्चीचा टेकू तिच्या अंगाला बसतो का. इथे प्रत्येक शरीर वेगळे असते, म्हणून मोठा कारखाना कमी पडतो आणि छोटी कार्यशाळा सरस ठरते. पंपाचा पंखा, भाजी वाळवायचे यंत्र, भोके पाडायचा साचा, शाळेच्या प्रयोगाचे साहित्य यांची पन्नास नावांची यादी झाली की कोणती यंत्रे हवीत, ते आपोआप कळेल. कदाचित निम्म्या कामाला जुना लेथ आणि वेल्डिंगच पुरेल. तसे असेल तर फारच उत्तम!

मग माणसे. एका बाजूला कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, दुसऱ्या बाजूला आयटीआय झालेली किंवा संगणक शिकलेली मुलगी. दोघांना मानधन द्या आणि एकमेकांचे विद्यार्थी करा. तिला व्हर्नियर धरता यावा, त्याला आराखडा वाचता यावा. यंत्रे शाळेच्या कुलपात न ठेवता बाजारपेठेच्या वाटेवर, एस.टी. स्थानकाजवळच्या गाळ्यात ठेवावीत आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दार हमखास उघडे असावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांबरोबर घालवायला सांगितले आहेत. ते दहा दिवस याच गाळ्यात जावेत.

बनवलेला प्रत्येक आराखडा सर्वांना खुला असावा. आणि दुरुस्तीच्या कामाला नव्या वस्तूइतकाच मान मिळावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, संकेतस्थळही सुरू केले. हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावायला हाताशी लेथ लागतो आणि तो चालवणारा माणूस लागतो.

आणि मुंबईचे काय? उत्पादन शहरात परत आणा, असे म्हणताना आपण हे विसरतो की ते शहरातून पूर्णपणे कधी गेलेच नव्हते. धारावीत कातडे शिवले जाते, कुंभारवाड्यात भट्ट्या पेटतात, शहराचे टाकाऊ प्लास्टिक निवडून-दळून पुन्हा कामाला लागते. चटईक्षेत्राच्या हिशेबात या हातांना जागा उरली नाही, तर उद्या तेच काम ‘शाश्वत शहर’ या नावाने वातानुकूलित दालनात नव्याने सुरू करण्याची हास्यास्पद पाळी येईल. नव्या यंत्रांची जागा या जुन्या हातांच्या शेजारी आहे.

राजनाल्याचे पाणी

शेवटी पुन्हा वीजघराकडे वळू या. भिवपुरीची चक्रे फिरवून झाल्यावर पाणी संपत नाही. वीज तारेतून मुंबईला जाते. पाणी मात्र इथेच उरते. ते नुसते नदीला सोडून दिले असते तर उल्हासमार्गे खाडीला मिळाले असते. पण या पाण्यावर राजनाला हा कालवा काढला गेला आणि कर्जतच्या शिवारात उन्हाळी भात पिकू लागले. आसपासची खाचरे भेगाळलेली असताना वैशाखात या पट्ट्यात हिरवे पीक डोलते. खोपोलीच्या वीजघराचे पाणीही असेच पाताळगंगेला बारमाही करते.

वीजघर कर्जतकरांसाठी बांधले नव्हते. त्यांच्या वाट्याला आले ते उरलेले पाणी, आणि तेही कोणीतरी कालवा खणला म्हणून. मोठ्या जगात निघालेल्या प्रत्येक नव्या तंत्राचे असेच असते. ते आपल्या डोंगरावरून जाते, आपल्या डोक्यावरून जाते आणि बहुधा समुद्राला मिळते.

खोपोलीच्या गाळ्यातले ते गृहस्थ अजून रोज शटर उघडतात. आणखी किती वर्षे उघडतील, ते त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. कालवा खणायचा असेल, तर त्यांच्या शेजारी एक खुर्ची आणि एक संगणक ठेवण्यापासून सुरुवात करता येईल. त्याला चाळीस वर्षांची पैज लावायची गरज नाही.